सहल एका दिवसाची की मुक्कामाची?

रविवारी सहलीला जाऊन आल्यावर सोमवारी सकाळी डोंबिवलीच्या फलाटावर उभे असताना आपल्याला कसे वाटते? ताजेतवाने, की आदल्या दिवसाची दगदग अंगात घेऊनच पुन्हा गर्दीत शिरल्यासारखे? ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरातील पुष्कळ कुटुंबांचे प्रामाणिक उत्तर दुसरे असेल. दोष सहलीचा नाही. बेत आखताना आपण ठिकाण, खर्च आणि जेवणाची सोय पाहतो; झोपेचे आणि प्रवासाचे तास मात्र मोजत नाही.

पर्यटनाचे अभ्यासक प्रवाशांचे दोन वर्ग करतात. नेहमीच्या वावराबाहेर जाऊन त्याच दिवशी घरी परतणारा तो एकदिवसीय प्रवासी आणि किमान एक रात्र बाहेर काढणारा तो मुक्कामी पर्यटक. नोकरीसाठीची रोजची ये-जा यात धरली जात नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने २०१४-१५ मध्ये देशांतर्गत पर्यटनाची पाहणी केली, तेव्हा मुक्कामी प्रवासाचे सर्वांत मोठे कारण नातेवाइकांकडे वा स्नेह्यांकडे जाणे हेच आढळले. आपल्या घरांतही चित्र वेगळे नव्हते. मे महिन्यात मामाचे गाव आणि गणपतीत कोकण, हेच कित्येक पिढ्यांचे पर्यटन होते. त्यात प्रवास कष्टाचा असला, तरी मुक्काम ऐसपैस असे.

आता पती-पत्नी दोघेही नोकरीला, मुलांचे क्लास आणि हाती फक्त शनिवार-रविवार. रस्तेही वेगवान झाले. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळील आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि कसारा घाटापलीकडचा प्रदेश आणखी जवळ आला. लांबचा मुक्काम आखडला आणि त्याच्या जागी पहाटे निघून रात्री परतण्याची किंवा जेमतेम एका रात्रीची सहल आली. आरोग्याच्या दृष्टीने या दोहोंचा हिशेब निरनिराळा आहे.

पहिल्या रात्रीची झोप

नव्या जागी पहिल्या रात्री नीट झोप लागत नाही, हा अनुभव आपल्याला नवा नाही. अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये त्यामागचे एक कारण दाखवून दिले. अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धगोल दुसऱ्याइतका गाढ झोपत नाही. जणू पहाऱ्यावर असल्यासारखा तो बाहेरच्या आवाजाला अधिक चटकन प्रतिसाद देतो. पुढच्या रात्री हा परिणाम बहुधा ओसरतो. याचा व्यावहारिक अर्थ असा की, शनिवारी दुपारी पोहोचून रविवारी दुपारी निघणारे कुटुंब झोपेच्या हिशेबात तोट्यातच राहते. विश्रांती हाच हेतू असेल, तर सहा महिन्यांतून एकदा का होईना, पण दोन रात्रींचा मुक्काम करावा. तसे जमणार नसेल, तर दिवसाची सहल करून आपल्या अंथरुणात झोपणे अधिक हिताचे.

मुक्कामासाठी फार दूर जाण्याचीही गरज नाही. १८५० मध्ये ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्यामुळे ज्याची ओळख झाली, ते माथेरान आजही मोटारींपासून मुक्त आहे. मुलांना रस्त्यावर निर्धास्त सोडता येईल अशी ठिकाणे थोडीच उरली आहेत. गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांनी दस्तुरी नाक्यापासूनची पायपीट टाळून अमन लॉजहून छोटी गाडी घ्यावी.

परतीचे तास

दिवसाच्या सहलीत खरा धोका परतीच्या वाटेवर असतो. सलग सतरा तास जागे असलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते, असे ऑस्ट्रेलियातील प्रयोगांत १९९७ मध्ये दिसून आले. आपल्या कायद्याने वाहनचालकासाठी ठरवलेली मर्यादा याहून कमी, ०.०३ टक्के आहे. पहाटे साडेचारला उठून माळशेजला गेलेले, दुपारी भरपेट जेवलेले आणि रात्री साडेनऊला अजून कल्याणच्या वाटेवरच असलेले बाबा मद्याच्या थेंबालाही न शिवता त्या अवस्थेला पोहोचलेले असतात. म्हणून दुपारी तीन-चारच्या सुमारास परतीला लागावे. गाडी चालवणाऱ्याला जेवणानंतर वीस मिनिटे डुलकी घेऊ द्यावी आणि अंधारापूर्वी घाट उतरावा. एवढे पाळता येत नसेल, तर त्या दिवशी रेल्वेने जाता येईल असेच ठिकाण निवडावे.

या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. मुंबई-ठाणे ही देशातील पहिली प्रवासी रेल्वे १८५३ मध्ये धावली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणपर्यंत आली. तेथून फुटणाऱ्या दोन मार्गांवर आजही लोकलच्या तिकिटात सहल होते. कसाऱ्याच्या बाजूला टिटवाळ्याचा गणपती आणि माहुली गडासाठी आसनगाव. कर्जतच्या बाजूला अंबरनाथचे अकराव्या शतकातील शिवमंदिर आणि माथेरानसाठी नेरळ. रविवारचा मेगाब्लॉक तेवढा आधी पाहून घ्यावा.

अर्ध्या दिवसाचे पुण्य

इंग्लंडमधील सुमारे वीस हजार लोकांच्या २०१९ च्या अभ्यासात, आठवड्यातून एकूण दोन तास तरी निसर्गात घालवणाऱ्यांचे आरोग्य आणि समाधान अधिक चांगले आढळले. हे दोन तास एकदम घालवले की थोडेथोडे, याने फरक पडला नाही. येऊरची सकाळ किंवा हिवाळ्यात ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांचे दर्शन दुपारच्या जेवणाआधी आटोपते. मधुमेह असलेल्या आजी-आजोबांची जेवणाची आणि गोळ्यांची वेळही चुकत नाही. मोठ्या सहलीची वाट पाहत तीन महिने घरात काढण्यापेक्षा पंधरा दिवसांतून दोनदा असे बाहेर पडणे शरीराला अधिक मानवते.

पावसाळ्यात

वर्षासहलीचा मोह आपल्याकडे अनावर असतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. डोंगरमाथ्यावर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही प्रवाह मिनिटांत फुगतो. पाणी गढूळ झाले किंवा त्यातून पाने-काटक्या वाहत येऊ लागल्या, तर तत्क्षणी काठावर यावे. बदलापूर, मुरबाड, शहापूर परिसरात धबधब्यांवर प्रशासनाचा मनाई आदेश असेल, तर 'एवढ्यात काय होते' असे म्हणू नये.

पुढच्या सहलीचा बेत करताना कागदावर तीन आकडे मांडून पाहा: बसून होणाऱ्या प्रवासाचे तास, प्रत्यक्ष ठिकाणी मिळणारे तास आणि त्या रात्री घरातील सर्वांना मिळणारी झोप. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा निघाला किंवा तिसरा सातच्या खाली गेला, तर ठिकाण बदला अथवा एक दिवस वाढवा. घरातील सर्वांत लहान आणि सर्वांत वयस्कर व्यक्तीला झेपेल, तीच सहल साऱ्या कुटुंबाला लाभते.