भरती आली की बुडणारा विमानतळ

'भरती-ओहोटी बघून विमानाची वेळ ठरते,' असं आईला फोनवर सांगितलं, तर तिला थट्टाच वाटली. आम्ही अलिबागचे. ओहोटी बघून कुलाबा किल्ल्यात चालत जायचं, हे आम्हाला ठाऊक, पण विमान?

मी ग्लासगोत सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेला 'बारा' नावाचं बेट आहे आणि गंमत म्हणजे तिथली वस्तीही साधारण बाराशेच! ग्लासगोहून १९ आसनी ट्विन ऑटर विमान सव्वा तासात तिथे पोचतं आणि चक्क समुद्रकिनाऱ्यावर उतरतं. गेलिक भाषेत त्या किनाऱ्याचं नाव 'ट्राय वोर', म्हणजे आपल्या भाषेत मोठी पुळण. १९३६ पासून हा विमानतळ सुरू आहे. ओल्या, घट्ट वाळूवर त्रिकोणात आखलेल्या तीन धावपट्ट्या. वारा जसा असेल तशी एक निवडायची. खुणेला लाकडी खांब. भरती आली की तिन्ही पाण्याखाली!

गेल्या वर्षी मी हौसेने गेलो. चाकांनी उडवलेलं पाणी मोबाइलवर टिपलं, आईला पाठवलं. परतीच्या दिवशी मात्र धुकं उतरलं. तासभर थांबलो, दोन तास थांबलो. धुकं विरळ व्हायला लागलं, तोवर भरती चढली. विमान रद्द.

शेजारी सत्तरीचे एक आजोबा आणि आजी बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्लासगोच्या इस्पितळात आजोबांची तपासणी होती. बोटीने ओबान गाठायलाच जवळपास पाच तास, पुढे ग्लासगो आणखी तीन तास. आणि त्या दिवशीची बोट तर निघूनही गेली होती. त्यांनी इस्पितळात फोन लावला. नवी तारीख मिळाली, सहा आठवड्यांनंतरची. आजी काही बोलल्या नाहीत, फक्त बॅग पुन्हा उचलली.

मी हळहळलो, तर आजोबाच मला म्हणाले, 'तुम्ही हे विमान बघायला येता. आमची मात्र ही बस आहे.' मला पटकन आपली एसटी आठवली.

माझी एक मीटिंग बुडाली. एका मेसेजवर काम भागलं. रात्री आईने विचारलं, 'व्हिडिओ छान आहे रे, पण तिथे कुणी आजारी पडलं तर?' त्या आजोबांविषयी तिला सांगत बराच वेळ बोलत बसलो.