विश्लेषण : सह्याद्रीच्या कातळातील चुंबकीय खुणा काय सांगतात?

सह्याद्रीचे कडे म्हणजे एकावर एक साचलेले लाव्हाचे थर. त्यांची एकूण जाडी काही भागांत दोन किलोमीटरच्या आसपास भरते. हे सारे साचायला किती काळ लागला? डायनोसॉरच्या अंताला दख्खनचे ज्वालामुखी कितपत जबाबदार होते, याचा उलगडा या उत्तरावर अवलंबून आहे. तो करताना शास्त्रज्ञांना पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवांच्या अदलाबदलीचा मोठा आधार मिळाला.

खडकात चुंबकीय खूण कशी उमटते?

बेसॉल्टचा लाव्हा बाहेर पडतो तेव्हा त्याचे तापमान सुमारे ११०० अंश सेल्सिअस असते. त्यात मॅग्नेटाइटसारखी लोहयुक्त खनिजे असतात. खडक थंड होत ५८० अंशांच्या खाली आला की मॅग्नेटाइटचे कण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरतात. पुढे ध्रुव बदलले तरी ही दिशा खडकात टिकून राहू शकते.

ध्रुव खरोखर उलटतात का?

होय. फ्रान्समधील बर्नार ब्रून यांनी १९०६ मध्ये उलट दिशेने चुंबकित झालेल्या खडकांची नोंद केली. जपानचे मोटोनोरी मातुयामा यांनी १९२९ मध्ये अशा खडकांचा संबंध त्यांच्या वयाशी जोडला. शेवटची अदलाबदल सुमारे पावणेआठ लाख वर्षांपूर्वी झाली. दोन बदलांमधले अंतर ठरलेले नसते. कधी ते काही हजार वर्षांचे, तर कधी कोट्यवधी वर्षांचे असते. त्यामुळेच जाड-बारीक पट्ट्यांचा बारकोडसारखा क्रम तयार होतो आणि तो जगभरातल्या खडकांत ताडून पाहता येतो.

नमुने कसे तपासतात?

हिरेजडित पात्याच्या छोट्या ड्रिलने कातळातून बोटाएवढ्या जाडीचे नमुने काढतात. प्रत्येक नमुना कड्यात कोणत्या दिशेला आणि किती कलता होता, हे आधी टिपून ठेवतात. प्रयोगशाळेत नमुना टप्प्याटप्प्याने तापवून नंतर चढलेले चुंबकत्व पुसतात आणि मूळ दिशा मोजतात. त्या काळी भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. त्यामुळे आजच्यासारखे ध्रुव असतानाच्या थरांत ही दिशा उत्तरेकडे आणि वर झुकलेली, तर उलट ध्रुवांच्या थरांत दक्षिणेकडे आणि खाली झुकलेली मिळते.

दख्खनमध्ये काय आढळले?

पश्चिम घाटातले बहुतांश थर उलट ध्रुवांच्या काळातले निघाले. महाबळेश्वर परिसरातल्या माथ्याकडच्या थरांत दिशा पुन्हा आजच्यासारखी होते. पूर्वीच्या पोटॅशियम-आरगॉन वयांत कोट्यवधी वर्षांची तफावत होती. पण उद्रेक इतका काळ चालला असता, तर थरांत ध्रुवबदलांच्या अनेक खुणा दिसायला हव्या होत्या. व्हॅन्सां कूर्तियो आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये याच आधारे मांडले, की उद्रेक तुलनेने अल्पकाळात झाला. किरणोत्सारी पद्धतीने मिळालेल्या सुमारे ६.६ कोटी वर्षे या वयाशी सांगड घातल्यावर तो उलट पट्टा ‘२९ आर’ ठरला. त्याचा कालावधी सुमारे सहा ते सात लाख वर्षांचा मानला जातो. इटलीतील गुब्बियोच्या चुनखडीत डायनोसॉरयुगाच्या अंताची सीमारेषाही याच पट्ट्यात येते.

दूरचे थर कसे जुळवतात?

आंध्र प्रदेशात गोदावरीकाठी राजमहेंद्रीजवळ दख्खनसारखाच लाव्हा आढळतो. पश्चिम घाटापासून तो सुमारे हजार किलोमीटर दूर आहे. तिथे खालचा लाव्हा उलट, तर वरचा आजच्यासारख्या दिशेचा आहे. रासायनिक घडणही अनुक्रमे घाटातल्या आंबेनळी आणि महाबळेश्वर गटांशी जुळते. त्यामुळे हा लाव्हा घाटाकडूनच वाहत तिथवर पोहोचला असावा, असे मानले जाते.

या पद्धतीच्या मर्यादा कोणत्या?

थराकडून दोनच उत्तरे मिळतात, सुलट किंवा उलट. म्हणून एकट्या थराचे वय त्यावरून कळत नाही. थरांचा क्रम हवा आणि निदान एक भरवशाचे वयही हवे. वीज पडल्याने किंवा खडक पुन्हा तापल्याने मूळ खूण बिघडू शकते. शिवाय एकाच उलट पट्ट्यात कोणता उद्रेक उल्कापाताच्या आधी आणि कोणता नंतर झाला, हेही त्यातून कळत नाही. त्यासाठी झिरकॉनमधील युरेनियम-शिसे आणि खडकातील आरगॉन यांवर आधारित वये काढतात. २०१९ मध्ये या दोन पद्धतींनी काम करणाऱ्या गटांचे निष्कर्ष वेगळे निघाले. एका गटाच्या मते जीवसृष्टीच्या संहाराच्या थोडे आधी मोठा उद्रेक झाला. दुसऱ्याच्या मते बहुतांश लाव्हा संहारानंतर बाहेर पडला. उद्रेक भूगर्भीय मोजमापात अल्पकाळच चालला, यावर मात्र दोघांचे एकमत आहे.