स्टिअरिंगचा रुसवा

जुन्या मोटारीच्या आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या दुखण्यांत एक साम्य असते : दुखते एकीकडे आणि औषध चालते भलतीकडे! आमच्या पंचवीस वर्षांच्या मोटारीचे पॉवर स्टिअरिंग यंदा श्रावणापासून जड होऊ लागले. मला एक वेळ ते चालले असते. पण आमच्या घरी मोटार हाकतात त्या सौभाग्यवती. त्यांचा उजवा खांदा आखडलेला, आणि आठवड्यातून दोनदा आपल्या आईला इस्पितळात नेण्याचे काम त्यांच्याकडे. एका मोठ्या गॅरेजने चक्र दोनदा फिरवून निकाल दिला, "रॅक गेला. बावीस हजार." सासूबाई म्हणाल्या, "मी आपली रिक्षाने जाईन." एवढ्यावरून घरात दोन दिवस अबोला!

मग मी आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना गाठले.

हे पॉवर स्टिअरिंग काय प्रकरण आहे, ते आधी सांगतो. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनियराने १९२६ साली ते मोटारीत बसवून दाखवले. बाजारात विकायच्या मोटारीत मात्र ते आले १९५१ साली, क्रायस्लर इम्पीरियलमध्ये. इंजिनाच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो आणि तेलाला दाब देतो. आपण चक्र वळवले की आतली एक बारीक सळी किंचित पिळते, त्या पिळाने झडप उघडते आणि दाबाचे तेल रॅकला त्याच बाजूला ढकलते. चक्रापासून चाकांपर्यंतची लोखंडी जोडणी तशीच राहते. तेल हा केवळ हातभार. म्हणून पंप बंद पडला तरी गाडी वळते, फक्त घाम काढते.

तेव्हा पहिला प्रश्न असा, की हातभार कमी पडतो आहे की जोडणीच अडते आहे?

मिस्त्रींनी प्रथम टायरमधली हवा पाहिली. हवा कमी असली तरी स्टिअरिंग जड होते, आणि तो उपाय जवळजवळ फुकटात होतो! मग तेलाची टाकी. तेल भरलेले, फेस नाही. फेस असता तर आत हवा शिरली आहे, हे कळले असते. पट्टा ताठ होता, चक्र वळवताना किंचाळत नव्हता. नंतर त्यांनी पुढची चाके जॅकवर उचलली, खाली घोड्या लावल्या आणि इंजिन बंद करून मला चक्र फिरवायला सांगितले. ते जडच! शिवाय एका फेऱ्यात दोनदा अडखळत होते.

"सर, इंजिन बंद, चाकं हवेत. आता पंपाचा काय संबंध?"

त्यांनी चक्राचा दांडा रॅकपासून सोडवला. रॅक हाताने सहज सरकला. दोष निघाला दांड्यावरच्या युनिव्हर्सल जॉइंटमध्ये : पाणी लागून तो गंजला होता आणि एका दिशेने वाकतच नव्हता. फेऱ्यात दोनदा अडखळण्याचे कारण हेच. तेल पाजून तो तात्पुरता सैल झाला असता; पण मिस्त्रींनी साफ नकार दिला. स्टिअरिंगच्या बाबतीत ठिगळ नको, हे त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटले. काढण्यापूर्वी त्यांनी दांड्यावर खडूने खुणा केल्या, नाहीतर गाडी सरळ आणि चक्र वाकडे, असा प्रकार होतो. नवा जॉइंट आणि मजुरी मिळून अडीच हजारांच्या आत काम झाले. सासूबाईंची रिक्षा टळली.

आताच्या बहुतेक नव्या मोटारींत हे काम विजेची मोटर करते. तिथे तेल नाही. ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे, त्यांनी मात्र पुस्तिकेत लिहिलेलेच तेल घालावे. ब्रेक ऑइल तर चुकूनही नको. त्याने रबरी सील बिघडतात आणि गळती लागते. आणि चक्र टोकापर्यंत वळवून तसेच दाबून धरू नये, कारण पंपावर तेव्हाच सर्वांत जास्त ताण येतो. ही शेवटची सूचना मी मोठ्या ऐटीत घरी सांगितली. सौभाग्यवतींना ती वीस वर्षांपासून ठाऊक होती.