वाकड्या रेषेचा आवाज

माझ्या नेरुळच्या घरी गिटारचा एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे. प्लायवूडचे खोके, त्यात आठ इंची कर्णा आणि पत्र्याच्या सांगाड्यावर बसवलेल्या तीन काचेच्या नळ्या, म्हणजे व्हॉल्व्ह. कोणत्याही कंपनीचे नाव नाही. १९६० च्या दशकात मुंबईतल्या कुणा कारागिराने रेडिओच्या सुट्या भागांतून तो बांधला. बटण दाबल्यावर काही सेकंद काहीच होत नाही, कारण व्हॉल्व्ह तापावे लागतात. मग कर्ण्यातून हलकी गुणगुण येते आणि गिटारची तार छेडली की खोली भरून जाते. प्रयोगशाळेतल्या मोजमापाने पाहिले तर हे यंत्र टाकाऊच ठरेल. पण त्याचा आवाज ऐकलेला वादक सहसा दुसऱ्याकडे वळत नाही.

गेल्या पावसाळ्यात हा आवाज बिघडला. दुरुस्तीला बसलो आणि एक प्रश्न समोर आला. ज्या यंत्राची गोडीच त्याच्या दोषात आहे, त्यातला कोणता दोष दुरुस्त करायचा आणि कोणता जपायचा?

आधी व्हॉल्व्ह कसा चालतो ते पाहू. हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीत मध्यभागी ऋणाग्र असते. आतली तार तापली की ऋणाग्रावरच्या ऑक्साइडच्या थरातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. भोवती धातूचे धनाग्र असते, त्याला सुमारे २५० व्होल्ट दिलेले असतात. इलेक्ट्रॉन तिकडे धावतात. फ्लेमिंगने १९०४ मध्ये केलेला व्हॉल्व्ह एवढाच होता. १९०६ च्या सुमारास ली द फॉरेस्टने या दोहोंच्या मध्ये तारेची जाळी घातली. जाळीवर थोडे ऋण विभव दिले की इलेक्ट्रॉन अडतात, ते कमी केले की सुटतात. धरणाचे दार थोडेसे हलवून मोठा प्रवाह कमीजास्त करावा तसे. गिटारच्या तारा लोहयुक्त असतात. चुंबकावरच्या वेटोळ्याजवळ त्या थरथरल्या की फॅरेडेच्या नियमाने वेटोळ्यात अगदी लहान विद्युत्दाब निर्माण होतो. तो एका व्हॉल्व्हने वाढवायचा आणि दुसऱ्याच्या जाळीवर द्यायचा, एवढेच अ‍ॅम्प्लिफायरचे काम.

माझ्या यंत्रातला हा दुसरा व्हॉल्व्ह ईएल ८४ आहे. जुन्या रेडिओत तो सर्रास असे, आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही तो बनवला. इंग्लंडच्या प्रसिद्ध व्हॉक्स एसी ३० या गिटार अ‍ॅम्प्लिफायरमध्ये असेच चार ईएल ८४ असतात. त्याच्या माहितीपत्रकातले आकडे मोठे बोलके आहेत. धनाग्राला २५० व्होल्ट आणि ४८ मिलिअँपिअर, म्हणजे १२ वॅट. शिवाय तार तापवायला जवळजवळ ५ वॅट. एवढे खाऊन तो कर्ण्याला देतो ५.७ वॅट, आणि तेही १० टक्के विकृती मान्य केली तर! रेडिओच्या अभियंत्याच्या दृष्टीने ही सहनशक्तीची सीमा. गिटारवादकाची मौज तिथे सुरू होते.

ही विकृती म्हणजे काय? जाळीवरचे विभव आडव्या अक्षावर आणि प्रवाह उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढला तर सरळ रेषा येत नाही, वर वाकत जाणारी रेषा येते. म्हणजे विभव तीन व्होल्टने वाढवल्यावर प्रवाह जेवढा वाढतो, तेवढा तो तीन व्होल्टने कमी केल्यावर घटत नाही. गणिताच्या भाषेत, बाहेर पडणाऱ्या प्रवाहात x बरोबर थोडा x² सुद्धा असतो. आता x च्या जागी sin θ घाला. अकरावीच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते की sin² θ म्हणजे (१ − cos २θ)/२. हा २θ महत्त्वाचा! गिटारची ११० हर्ट्‌झची तार छेडली असताना कर्ण्यातून २२० हर्ट्‌झची थोडी जादा भर येते. दुप्पट वारंवारता म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर, षड्जाचा तार षड्ज. हा पाहुणा परका वाटत नाही, आवाज भरदार झाला असेच वाटते.

व्हॉल्व्ह नेहमी सम पटींचेच स्वर देतो, असे पुष्कळदा छापले जाते. ते खरे नाही. मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये दोन व्हॉल्व्ह उलटसुलट जोडतात. एकाचा वाकडेपणा दुसऱ्याच्या विरुद्ध असल्याने दुपटीचे स्वर बरेचसे एकमेकांना खोडतात आणि तिपटीचे उरतात. तिप्पट म्हणजे तार सप्तकातला पंचम, तोही गोडच. खरा फरक वाकण्याच्या रीतीत आहे. ट्रान्झिस्टरचा चांगला अ‍ॅम्प्लिफायर शेवटपर्यंत सरळ राहतो आणि मर्यादा आली की तरंगाचा माथा सुरीने कापल्यासारखा सपाट होतो. अशा तरंगात पाचपट, सातपट, नऊपट असे स्वर बरेच असतात. सातपटीचा स्वर आपल्या सप्तकात कुठेच नीट बसत नाही, म्हणून तो खरखरीत लागतो. व्हॉल्व्ह हळूहळू वाकतो, त्यामुळे वादकाला बोटांच्या जोरावर हा बदल ताब्यात ठेवता येतो.

याच वाकडेपणामुळे दोन स्वर एकत्र वाजले की तिसरेच स्वर निघतात. त्यांच्या वारंवारतांची बेरीज आणि वजाबाकी झालेली असते. षड्ज आणि पंचम यांचे गुणोत्तर २:३. वजाबाकी १, म्हणजे मंद्र षड्ज. बेरीज ५, म्हणजे तार सप्तकातला शुद्ध गांधार. रॉक संगीतातले वादक अ‍ॅम्प्लिफायर चढवून फक्त षड्ज-पंचमाची जोडी का वाजवतात, त्याचे उत्तर यात आहे. गांधार घातला तर घोटाळा होतो, कारण गिटारचे पडदे सप्तकाचे बारा समान भाग करून बसवलेले असतात. ११० हर्ट्‌झच्या षड्जावर पडद्याचा गांधार १३८.५९ हर्ट्‌झला येतो. षड्जाची पाचपट ५५० आणि या गांधाराची चौपट ५५४.३६, दोघांमध्ये सेकंदाला चारहून अधिक डोल पडतात आणि कान किटतात. पंचमाच्या बाबतीत (१६४.८१ हर्ट्‌झ) हाच फरक ०.३७ हर्ट्‌झ, म्हणजे जवळजवळ तीन सेकंदांना एक डोल. तंबोरा जुळवणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

आता माझ्या बिघाडाकडे येतो. जुलैमध्ये आवाज दबका, घोगरा झाला आणि ईएल ८४ चे धनाग्र मंद लाल दिसू लागले. एका जाणकाराने सांगितले, जुन्या यंत्राचा स्वभावच तो, हात लावू नका. मला ते पटले नाही. पहिल्या व्हॉल्व्हचे धनाग्र आणि दुसऱ्याची जाळी यांच्यामध्ये मेणकागदाचा एक कपॅसिटर असतो. त्याने फक्त बदलता विद्युत्दाब पुढे जाऊ द्यावा, स्थिर दाब अडवावा. पण पन्नासाहून अधिक वर्षांत आणि खाडीकाठच्या दमट हवेत कागद ओल धरतो. समजा, त्याचा रोध २० मेगाओहम उरला. साध्या मीटरवर ही गळती दिसलीच तर नगण्य वाटेल. पण एका बाजूला १५० व्होल्ट आणि जाळीशी ०.४७ मेगाओहमचा रोध असेल, तर जाळीवर साडेतीन व्होल्टच्या आसपास धन विभव चढते. जिथे मुळात उणे सात-साडेसात व्होल्ट हवे, तिथे हा फरक प्रचंड आहे. प्रवाह वाढतो आणि धनाग्र तापते. हाही वाकडेपणाच, पण व्हॉल्व्हच्या आलेखातला नव्हे. तो कपॅसिटर मी बदलला. लॅमिंग्टन रोडवर काही रुपयांत मिळाला. व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर जुनेच ठेवले.

आणखी एक बदल मात्र आधीच करायला हवा होता. मूळ वायरीला दोनच पिना होत्या. गिटारच्या तारा सांगाड्याला जोडलेल्या असतात, म्हणजे आत कुठे गळती झाली तर २३० व्होल्ट थेट वादकाच्या बोटांत! आता तीन पिना आहेत आणि सांगाडा अर्थिंगला जोडला आहे. जुनेपण जपण्याच्या हौसेने ही गोष्ट टाळणारे मी पाहिले आहेत. तेवढी हौस मला परवडणारी नाही. शिक्षकांनीही असे यंत्र वर्गात उघडू नये. बटण बंद केल्यावरही आतल्या ३२ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टला १.४४ ज्यूल ऊर्जा साठून राहते, आणि धक्का बसायला ती पुरेशी आहे. आलेखाचा कागद आणि sin² चे सूत्र यांनी वर्गात काम भागते.

गुणगुण मात्र अजून थोडी आहे. ती ओळखायला गिटारच पुरते. सर्वांत जाड तारेचा तिसरा पडदा ९८ हर्ट्‌झचा. आपली वीज ५० हर्ट्‌झची, आणि पुरवठ्यात तिचे दोन्ही अर्धे भाग वळवून घेतल्याने तिथली लहर १०० हर्ट्‌झची. गुणगुण त्या पडद्याशी जुळून सेकंदाला दोन डोल देत असेल तर पुरवठ्याचे कपॅसिटर थकले आहेत. एक सप्तक खाली असेल तर दोष तार तापवणाऱ्या जोडणीत किंवा अर्थिंगच्या मार्गात शोधावा. माझी गुणगुण खालच्या सप्तकातली आहे. तापतारांच्या वायरी एकमेकींभोवती नीट पिळून पाहायच्या आहेत.