विसरलेला पासकोड आणि स्मार्टफोनमधील माहिती : पुनःप्राप्तीच्या शक्यता व मर्यादा

गोषवारा

स्मार्टफोनचा पासकोड विसरल्यास फोन पुन्हा वापरात आणणे बहुतांशी शक्य असते. त्यातील माहिती परत मिळणे ही मात्र सर्वस्वी वेगळी बाब आहे. हा भेद का निर्माण झाला, पासकोड आठवत नसताना कोणत्या क्रमाने पावले टाकावीत आणि अध्यापक-संशोधकाने कोणती पूर्वतयारी ठेवावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : पासकोड, कूटबद्धीकरण, बॅकअप, स्मरण, संशोधन-सामग्री.

१. प्रास्ताविक

महाविद्यालयीन अध्यापकाच्या दृष्टीने स्मार्टफोन हे आज केवळ संभाषणाचे साधन राहिलेले नाही. विद्यार्थ्यांच्या उपस्थितीच्या नोंदी, नॅक मूल्यांकनासाठी काढलेली जिओ-टॅग छायाचित्रे, बँकेचे व विद्यापीठाच्या संकेतस्थळाचे ओटीपी, क्षेत्रीय अभ्यासातील मुलाखतींचे ध्वनिमुद्रण असे सर्व काही त्यात साठलेले असते. यांपैकी काही गोष्टी पुन्हा तयार करता येतात. काही येत नाहीत. ज्या वृद्ध लोककलावंताची मुलाखत ध्वनिमुद्रित केली, तो दुसऱ्यांदा भेटेलच याची शाश्वती कोणी द्यावी? म्हणूनच चार किंवा सहा अंकांचे विस्मरण हा वरवर क्षुल्लक वाटणारा प्रसंग संशोधकाच्या अनेक वर्षांच्या श्रमांवर पाणी फिरवू शकतो.

याबाबत एक समज सर्वत्र आढळतो. तो असा की, कुलूप कितीही भक्कम असले तरी कोणीतरी जाणकार ते उघडून देईलच. हा समज एके काळी बऱ्याच अंशी खरा होता. आज तो खरा नाही, आणि त्यावर विसंबून राहिल्यानेच नुकसान होते.

२. पासकोड : किल्लीचाच एक घटक

प्रारंभीच्या स्मार्टफोनमध्ये पासकोड हा घराच्या दारावरील कडीसारखा होता. दार बंद असले तरी आतील माहिती वाचनीय स्वरूपातच असे. त्यामुळे दार बाजूला सारून आत जाता येत होते. अँड्रॉइडच्या ४.४ पर्यंतच्या आवृत्त्यांत पॅटर्न विसरल्यास गूगल खात्याच्या आधारे कुलूप उघडण्याची सोयही होती. पुढे ती काढून टाकण्यात आली.

२०१४ मध्ये आलेल्या आयओएस ८ पासून आयफोनमधील बहुतांश खासगी माहितीचे कूटबद्धीकरण पासकोडशी जोडले गेले. अँड्रॉइडच्या क्षेत्रातही २०१५ मधील ६.० या आवृत्तीपासून सक्षम अशा नव्या फोनना कूटबद्धीकरण बंधनकारक झाले आणि २०१९ मधील अँड्रॉइड १० पासून ते सर्व नव्या फोनना लागू झाले. कूटबद्धीकरण म्हणजे माहितीचे अशा रूपात रूपांतर करणे की, योग्य किल्लीवाचून ती निरर्थक अंकांचा ढीग ठरावी. ही किल्ली दोन घटकांपासून घडते : एक, वापरकर्त्याचा पासकोड, दुसरा, त्या विशिष्ट फोनच्या चिपमध्ये कायमचा कोरलेला गुप्त क्रमांक. म्हणून फोनमधील स्मृती काढून दुसऱ्या यंत्रास जोडली तरी काहीही वाचता येत नाही. पासकोड कोठे लिहून ठेवलेला नसतो. त्यामुळे तो निर्मात्या कंपनीलाही सांगता येत नाही.

येथे थोडे गणित उद्बोधक ठरेल. आयफोनमध्ये एक पासकोड पडताळण्यास सुमारे ८० मिलिसेकंद लागावेत, अशी योजना केलेली आहे. चार अंकी पासकोडच्या १०,००० शक्यता या वेगाने १३ ते १४ मिनिटांत संपतील. सहा अंकी पासकोडच्या १० लक्ष शक्यतांना सुमारे २२ तास पुरतील. याचा अर्थ असा की, अंकांची संख्या हे एकटे संरक्षण पुरेसे नाही. खरे संरक्षण चुकीच्या प्रयत्नांनंतर सक्तीने थांबविण्याच्या नियमात आहे. चुका वाढतात तसा प्रतीक्षेचा काळ मिनिटांवरून तासांवर जातो आणि अखेरीस आयफोन प्रयत्न स्वीकारणेच बंद करतो. दहा चुकांनंतर माहिती पुसण्याचा पर्याय मालकाने आधी निवडलेला असल्यास ती पुसलीही जाते.

३. सॅन बर्नार्डिनोचे प्रकरण

या यंत्रणेची मर्यादा व सामर्थ्य २०१६ मध्ये जगासमोर आले. २ डिसेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सॅन बर्नार्डिनो येथे झालेल्या गोळीबारात १४ जण मृत्युमुखी पडले. हल्लेखोरांपैकी एकाजवळ त्याच्या सरकारी नोकरीत मिळालेला आयफोन ५ सी होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यायालयाने अ‍ॅपल कंपनीस तपासयंत्रणेला, म्हणजे एफबीआयला, साहाय्य करण्याचा आदेश दिला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, मागणी पासकोड सांगण्याची नव्हती; प्रतीक्षेचा काळ आणि चुकांची मर्यादा हटविणारी विशेष संगणकप्रणाली तयार करून देण्याची होती. अ‍ॅपलने नकार दिला. अखेर त्रयस्थाच्या मदतीने फोन उघडल्याचे सांगून मार्च २०१६ च्या अखेरीस सरकारने मागणी मागे घेतली.

या प्रकरणातील एक तपशील सामान्य वापरकर्त्यास अधिक उपयोगी आहे. फोन ताब्यात आल्यावर त्याच्याशी निगडित आयक्लाउड खात्याचा परवलीचा शब्द बदलण्यात आला. परिचित वाय-फाय जाळ्याशी जोडून फोनने स्वतःहून नवा बॅकअप घेण्याची जी शक्यता होती, ती या कृतीमुळे संपुष्टात आली. घाईने उचललेले पाऊल उघडा असलेला मार्ग बंद करू शकते, हा त्यातील बोध होय.

४. पासकोड का विसरतो?

पासकोड विसरणे हे वाढत्या वयाचे किंवा निष्काळजीपणाचे लक्षण मानले जाते. वस्तुतः त्याचे कारण बहुधा वापराच्या पद्धतीत असते. हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून उजळणीअभावी विस्मरण कसे वाढत जाते हे दाखविले. बोटाचा ठसा किंवा चेहरा यांनी फोन उघडू लागल्यापासून पासकोडची ही उजळणीच खंडित झाली आहे. फोन बंद करून सुरू केल्यावर मात्र ठसा पुरत नाही. पासकोडच द्यावा लागतो. अनेकांची पंचाईत होते ती याच क्षणी.

शिवाय अनेकांचा पासकोड मनापेक्षा बोटांच्या सवयीत वसलेला असतो. गॉडन व बॅडली यांनी १९७५ मध्ये पाणबुड्यांवर केलेल्या प्रयोगात, ज्या परिसरात शब्द पाठ केले त्याच परिसरात ते अधिक चांगले आठवतात, असे आढळले. यावरून एक व्यवहार्य सूचना करता येते : आठवत नसताना अंकांचा अट्टाहास धरण्याऐवजी फोन काही काळ दूर ठेवावा, नंतर नेहमीच्या जागी, नेहमीच्या हाताने, कागदावर काढलेल्या अंकपट्टीवर बोटे फिरवून पाहावीत. कागदावरील चुका फोन मोजत नाही.

५. पावलांचा क्रम

पहिली गोष्ट, अडले काय आहे हे ओळखावे. सिमकार्डाचा पिन आणि फोनचा पासकोड यांत गल्लत होते. सिमचा पिन तीनदा चुकल्यास आठ अंकी पीयूके क्रमांक लागतो व तो सेवापुरवठादाराकडून मिळतो. तेथे फोनमधील माहितीला धोका नसतो.

दुसरी गोष्ट, फोन बंद करू नये. एकदा उघडलेला आणि नंतर बंद न झालेला फोन परिचित वाय-फायच्या कक्षेत चार्जिंगला ठेवल्यास, बॅकअपची सोय पूर्वीपासून चालू असेल तर तो कुलूपबंद अवस्थेतही बॅकअप घेऊ शकतो. बोटाचा ठसा अद्याप स्वीकारला जात असेल, तर तोवर महत्त्वाची ध्वनिमुद्रणे व छायाचित्रे ई-मेलने किंवा ऑनलाइन साठवणुकीत हलवावीत.

तिसरी गोष्ट, पासकोड नुकताच बदलला असल्यास जुना आठवावा. आयओएस १७ पासून, म्हणजे २०२३ पासून, बदलानंतरच्या ७२ तासांत जुन्या पासकोडच्या आधारे नवा ठरविता येतो.

चौथी गोष्ट, काय वाचले आहे याची नोंद करावी. संगणकावरून आपल्या गूगल किंवा अ‍ॅपल खात्यात जाऊन छायाचित्रे, संपर्क व बॅकअपची तारीख पाहावी. त्यासाठी ओटीपी लागल्यास सिमकार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येते. अँड्रॉइड फोनमध्ये वेगळे मेमरी कार्ड असल्यास तेही काढून घ्यावे. ते फोनच्या अंतर्गत साठवणुकीचा भाग केलेले किंवा कूटबद्ध केलेले नसेल, तर अन्यत्र वाचता येते.

यानंतरच फोन पुसण्याचा विचार करावा. आयफोन केबलने संगणकास जोडून रिकव्हरी मोडमधून पुसता येतो, आयओएस १५.२ पासून इंटरनेट व खात्याचा परवलीचा शब्द असल्यास कुलूपबंद पडद्यावरूनही ते साधते. अँड्रॉइड फोन गूगलच्या फाइंड हब या सेवेतून किंवा पॉवर व आवाजाची बटणे दाबून उघडणाऱ्या रिकव्हरी मेनूतून पुसता येतो. या क्रियेत माहितीची किल्लीच नष्ट होते. म्हणून नंतर कोणतीही प्रणाली ती माहिती परत आणू शकत नाही.

६. मालकीचा पुरावा आणि दुरुस्तीचे दुकान

पुसलेला फोन सुरू होताच पूर्वीचे खाते विचारतो. आयफोनमध्ये ही अट २०१३ पासून, तर अँड्रॉइडमध्ये २०१५ मधील ५.१ या आवृत्तीपासून आली. चोरलेला फोन चोरास निरुपयोगी ठरावा, हा तिचा हेतू. खात्याचा परवलीचा शब्दही आठवत नसल्यास खरेदीची पावती आणि १५ अंकी आयएमईआय क्रमांक हेच मालकीचे पुरावे ठरतात व ते घेऊन अधिकृत सेवा केंद्राकडे जावे लागते.

बाजारपेठेतील दुकानांतून ‘लॉक काढून मिळेल’ अशी पाटी दिसते. तेथे बहुधा फोन पुसूनच दिला जातो. म्हणून दुकानदारास ‘फोन चालू होईल का?’ असे न विचारता ‘आतील माहिती राहील का?’ असे विचारावे. माहिती शाबूत ठेवण्याचे आश्वासन देणारी इंटरनेटवरील सॉफ्टवेअरही याच कसोटीवर पारखावीत.

७. पूर्वतयारी

एकमेव प्रत फोनमध्ये ठेवू नये, हा पहिला नियम. मुलाखत संपताच, त्याच दिवशी, तिची एक प्रत संगणकावर व एक अन्यत्र ठेवावी. दुसरे, बॅकअपची स्वतंत्र किल्लीही जपावी. व्हॉट्सअ‍ॅपच्या पूर्णतः कूटबद्ध बॅकअपला स्वतःचा परवलीचा शब्द किंवा ६४ अंकाक्षरांची किल्ली लागते. अँड्रॉइडच्या बॅकअपमधील काही माहितीसाठी जुन्याच फोनचा पासकोड मागितला जातो. तिसरे, आठवड्यातून एकदा ठशाऐवजी पासकोडनेच फोन उघडावा. नवा पासकोड रात्री न ठरविता सकाळी ठरवावा, म्हणजे दिवसभर उजळणी होते. चौथे, पासकोड, खात्याचा तपशील व आयएमईआय क्रमांक कागदावर लिहून मोहोरबंद पाकिटात घरच्या कपाटात ठेवावा. विभागाच्या मालकीच्या फोनसाठी असे पाकीट विभागाच्या कुलूपबंद कपाटात असावे.

८. समारोप

एवढे कठोर कुलूप कशासाठी, असा प्रश्न विसराळू मालकास पडणे स्वाभाविक आहे. परंतु मालकासाठी ठेवलेला चोरदरवाजा चोरालाही सापडतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने मान्य केले. विद्यार्थ्यांची माहिती आणि मुलाखतदात्यांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी बाळगणाऱ्या अध्यापकावर हा खासगीपणा जपण्याची जबाबदारी अधिकच येते. वरील विवेचनावरून असे स्पष्ट होते की, फोन परत मिळविण्याचे उपाय विस्मरणानंतरही करता येतात. माहिती वाचविण्याचे उपाय मात्र बहुतांशी विस्मरणापूर्वीच करावे लागतात. बॅकअपची तारीख आजच तपासून पाहणे, हा त्याचा आरंभ होय.