नदी वर, गाव खाली

प्रिकविलोत पहिल्यांदा गेले तेव्हा मला नदीच दिसेना. लार्क नदी बांधापलीकडून, शेतांपेक्षा उंचावरून वाहते, हे बांध चढल्यावर कळलं.

इंग्लंडमध्ये ईलीजवळ, फेन्स नावाच्या एकेकाळच्या दलदलीत वसलेलं हे चिमुकलं गाव. 17व्या शतकात डच अभियंता कॉर्नेलियस व्हर्म्युडेनने इथल्या प्रदेशात मोठे कालवे खोदले. पाणी ओसरलं, पण हजारो वर्षं साठलेली काळी पीट माती सुकून आकसली, हवा लागून झिजली. जमीन खचली, नद्या वर राहिल्या. याच फेन्समधल्या होम फेन इथे 1851च्या सुमारास पुरलेला लोखंडी खांब आज सुमारे 4 मीटर उघडा आहे! प्रिकविलोतल्या जुन्या पाद्रीनिवासाच्या दाराशी म्हणूनच नंतर पायऱ्या जोडाव्या लागल्या.

शेतातलं पाणी नदीत चढवायला आधी पवनचक्क्या होत्या, मग वाफेची इंजिनं, मग डिझेलची. जुन्या पंपघराचं आता संग्रहालय झालंय. तिथलं 1924चं मिरलीज इंजिन स्वयंसेवक अजून चालवून दाखवतात. ते सुरू झालं तेव्हा माझ्या तळपायांखालची फरशी थरथरली. शेजारी उभे असलेले आजोबा काही बोलले नाहीत, फक्त टोपी काढून उभे राहिले.