कान्हकाठी पायी

अन्नपूर्णा परिसरात आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना मी राजवाड्यापासून कृष्णपुरा छत्र्यांपर्यंत पायीच नेतो. अंतर जेमतेम काही मिनिटांचे. होळकरांच्या या देखण्या स्मारकांलगत कान्ह वाहते आणि पुढे उज्जैनजवळ त्रिवेणीपाशी क्षिप्रेस मिळते. इंदूर २०२१ मध्ये देशातील पहिले ‘वॉटर प्लस’ शहर ठरले. तथापि कान्ह अद्याप निर्मळ झालेली नाही. १९७८ पासून सुमारे ७० किलोमीटरवरील नर्मदेचे पाणी आपल्या घरी येऊ लागले आणि उशाशी वाहणारी नदी आपण विसरलो. बालरोगतज्ज्ञास मात्र ती विसरता येत नाही. दूषित पाण्याने अतिसार झाल्यास तान्ह्या मुलाच्या शरीरातील पाणी प्रौढापेक्षा फार लवकर आटते. मोटारीतून केवळ छत्र्या दिसतात. नदीची प्रकृती पायी चालणाऱ्यासच कळते. पाहुण्यांसमवेत आपणही एकदा चालावे, ही विनंती.